मायफळ, निलगिरी आणि माझी एक चुकलेली बातमी

गेल्या रविवारी धाकट्या चुलतभावाचा फोन आला. "दादा, वरच्या तीन एकरात निलगिरी लावतोय. रोपवाटिकेवाल्याने क्लोनचा भाव दिलाय. तू मागं त्या गाठीच्या रोगावर बातमी केली होतीस ना? गेला का तो रोग आता?"

मी म्हणालो, "तो रोग नव्हता रे."

पलीकडं जरा वेळ शांतता. मग, "पण तूच तर लिहिलं होतंस."

हो, मीच लिहिलं होतं. पंधरा वर्षं होऊन गेली. त्या बातमीचं कात्रण अजून माझ्या फाईलमध्ये आहे आणि ते बघितलं की कान गरम होतात. तेव्हा जे छापलं ते चुकीचं होतं, आणि बरोबर काय ते नंतर कधी छापून आलं नाही. म्हणून आज इथं लिहितो. पोस्ट लांब आहे. ज्यांना निलगिरी, सुबाभूळ, सागवान, महोगनी असलं काही शेतात लावायचंय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी. बाकीच्यांनी चहा घेऊन बसावं.

सुरुवात मायफळापासून करतो.

आपल्यापैकी ज्यांना लहानपणी सहाणेवर उगाळून बाळगुटी चाटवली गेली, त्यांनी मायफळ खाल्लेलं आहे. नाव फळाचं, पण ते फळ नव्हे. तुर्कस्तान, सीरिया, इराणकडं ओकच्या जातीचं एक झाड होतं. एक बारकी गांधीलमाशी त्याच्या कोवळ्या फांदीत अंडं घालते, झाड त्या अंड्याभोवती गोल कडक गाठ धरतं, आणि ती वाळलेली गाठ म्हणजे आपलं मायफळ. युरोपात शतकानुशतकं लिहिण्याची शाई याच गाठींपासून व्हायची. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारी काकडशिंगीसुद्धा हिमालयातल्या एका झाडावरची, माव्याने केलेली गाठच आहे. आणि शाळेच्या, सरकारी ऑफिसच्या आवारात जी सातवीण लावतात तिची पानं एकदा नीट बघा. मोहरी पसरून चिकटवावी तशा पुटकुळ्या दिसतील. त्याही कीटकाच्याच.

यातली गंमत अशी की गाठ कीटक बांधत नाही. झाड बांधतं. कीटक फक्त अंडं घालतो, त्याच्या आणि अळीच्या स्रावांनी झाडाच्या पेशींना चुकीचा हुकूम जातो, आणि पान व्हायचं सोडून त्या पेशी अळीसाठी खोली बांधायला लागतात. आतल्या भिंतीला पौष्टिक गर, बाहेरून जाड कवच. घर झाडाने बांधायचं, किराणा झाडाने भरायचा, आणि राहायचं अळीने. बहुतेक झाडांना यानं फारसं काही होत नाही. सातवीण वर्षानुवर्षं पुटकुळ्या घेऊन उभी असते.

मग निलगिरीच का आडवी झाली? त्यासाठी निलगिरी आपल्याकडं कशी आली ते बघावं लागतं.

झाड ऑस्ट्रेलियाचं. तिथं त्याच्या सातशेहून जास्त जाती आहेत. हिंदुस्थानात पहिल्यांदा ती टिपू सुलतानाने १७९० च्या सुमारास बंगळूरजवळच्या नंदी टेकडीवरच्या बागेत लावली असं सांगतात. पुढं १८४३ मध्ये इंग्रजांनी निलगिरी डोंगरात लावली, आणि १८५० च्या दशकापासून ऊटीच्या गोऱ्या साहेबांना जळण पाहिजे म्हणून तिथं रीतसर लागवडी सुरू झाल्या. आपल्याकडं झाडालाच डोंगराचं नाव पडलं. सर्दी झाली की रुमालावर दोन थेंब टाकायचं ते तेलही त्याच नावाचं.

पण डोंगरातली ती निलगिरी आपल्या सपाटीवर चालत नाही. आपल्याकडं आली ती नंदी टेकडीवरच्या झाडांच्या वंशातली, 'म्हैसूर गम' नावाने ओळखली जाणारी. १९६० च्या दशकापासून कागदाला लगदा पाहिजे म्हणून सरकारांनी हजारो हेक्टरवर तिचंच बी पेरलं. म्हणजे कर्नाटकापासून पार उत्तरेपर्यंत जी निलगिरी उभी राहिली, तिचं मूळ एका टेकडीवरच्या मोजक्या झाडांत. सातशे जातींच्या खानदानातून आपण एक घर निवडलं आणि त्याच घरात सगळी सोयरीक केली. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

१९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने सामाजिक वनीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात १९८२ मध्ये त्याचं स्वतंत्र खातं झालं. शाळेतल्या पोरांना पिशवीतली रोपं वाटली जायची ते हेच दिवस. आपल्या नाशिक जिल्ह्यात तर निलगिरीची लाटच आली होती. विनायकदादा पाटलांनी निलगिरी उत्पादकांची सहकारी संस्था उभी केली आणि शेतकऱ्याने झाड हे पीक म्हणून लावावं, विकावं, हा विचार गावोगाव नेला. त्याच वेळी, १९८३ मध्ये, कर्नाटकात तुमकूरकडच्या शेतकऱ्यांनी वनखात्याच्या रोपवाटिकेत घुसून निलगिरीची रोपं उपटली आणि त्या जागी चिंचेच्या, आंब्याच्या बिया टाकल्या. निलगिरी पाणी पिते की नाही हा वाद तेव्हापासूनचा. (कर्नाटक सरकारने २०१७ मध्ये नव्या लागवडीवर बंदीच घातली.) त्या वादात मी आज पडत नाही. त्यावर वेगळी पोस्ट होईल आणि कमेंटमध्ये हाणामारी होईल.

आमच्या वडिलांनीही तेव्हा बांधाने साठ-सत्तर झाडं लावली होती, बियाण्याच्या रोपांची. दोन झाडं एकसारखी नव्हती. एक सरळसोट, शेजारचं वाकडं, एकाची साल पांढरी, दुसऱ्याची खरबरीत. मला शाळेत जाताना त्या पानांचा वास आवडायचा. भाव काही सांगितला तेवढा मिळाला नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी देशभर निलगिरीचा बाजार पडला, त्यात आमचीही झाडं सेंट्रिंगच्या टेकूंच्या भावात गेली. काही बुंधे राहिले, त्यांना फुटवे आले, आणि ते आजही बांधावर आहेत. त्यांच्याकडं शेवटी परत येऊ.

मग आला क्लोन.

१९८९ पासून भद्राचलमजवळच्या कागद कारखान्याने निलगिरीच्या कलमांवर काम सुरू केलं. पद्धत सोपी आहे. शेकडो झाडांतून सगळ्यात सरळ, जाड, झपाट्याने वाढलेलं झाड निवडायचं. ते तोडायचं. बुंध्याला जे फुटवे येतात त्यांच्या काड्या कापून, मुळं फुटायचं औषध लावून, धुक्यासारखं पाणी मारलेल्या घरात ठेवायच्या. महिन्या-दोन महिन्यांत रोप तयार. त्या रोपाचं रूप-गुण सगळे त्या एका झाडाचे. एका झाडाची एक लाख रोपं केली तर ती एक लाख झाडं नसतात, एकच झाड एक लाख ठिकाणी उभं असतं.

फायदा खरा होता आणि मोठा होता. बियाण्याच्या झाडांपेक्षा कितीतरी जास्त लाकूड, सगळी झाडं एका जाडीची, तोड एकाच वेळी. ज्यांनी लावलं त्यांनी पैसे कमावले. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण क्लोनला शिव्या द्यायला ही पोस्ट नाही.

आता ती माशी.

२००० मध्ये इस्राईल आणि आसपासच्या देशांत निलगिरीच्या कोवळ्या पानांवर अनोळखी गाठी दिसल्या. फोडून बघितलं तर आत बारक्या गांधीलमाशीची अळी. हा कीटक तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. शास्त्रात त्याला नाव नव्हतं. २००४ मध्ये नाव मिळालं, लेप्टोसायबे इन्व्हासा. आणि पत्ता निघाला ऑस्ट्रेलियातला, क्वीन्सलँडचा. घरच्या मुलखात तिच्याकडं कुणाचं लक्षही गेलं नव्हतं. तिथं तिने कुणाचं वाकडं केलं नव्हतं ना!

त्यानंतर काही वर्षांतच ती केनिया, युगांडा, पोर्तुगाल, व्हिएतनाम, दक्षिण आफ्रिका, चीन, ब्राझील, जिथं जिथं निलगिरी तिथं पोचली. भारतात २००१ मध्ये कर्नाटकातल्या मंड्या जिल्ह्यात पहिल्यांदा दिसली. पाच-सहा वर्षांत दक्षिणेत तिने धुमाकूळ घातला, मग वर सरकली. रोपवाटिकेतली रोपं गावोगाव जातात, त्यांच्या पानांत बसून तीही जाते. तिकीट लागत नाही.

माशी किती मोठी? सव्वा मिलिमीटर. गव्हाच्या दाण्यावर चार-पाच बसतील. आणि जवळजवळ सगळ्या माद्याच. नराशिवाय अंडी घालतात, त्यातून पुन्हा माद्याच होतात. त्यांच्या अंगात एक जिवाणू सापडलाय, रिकेट्सिया नावाचा, आणि नर न होण्यामागं त्याचाच हात असावा असा शास्त्रज्ञांचा कयास आहे. तेव्हा एक मादी पोचली की गाव वसलं.

ती अंडी घालते ती फक्त कोवळ्या भागात. पानाची मधली शीर, देठ, शेंड्याची काडी. आधी बारीक खपली दिसते, मग हिरवा फुगवटा, मग तो गुलाबी होतो, लालसर होतो, शेवटी तपकिरी होऊन त्यावर टाचणीने टोचल्यासारखी भोकं दिसतात. म्हणजे आतली मंडळी निघून गेली. अंड्यापासून माशीपर्यंत चार-साडेचार महिने लागतात. जुन्या मोठ्या झाडाला फार फरक पडत नाही. पण रोपवाटिकेतलं रोप, पहिल्या दोन वर्षांतली लागवड आणि तोडीनंतरचा फुटवा, म्हणजे जिथं सगळंच कोवळं असतं, तिथं पानं वळतात, शेंडा मुडपतो, वाढ थांबते. पाच वर्षांत तोडायला येणारं झाड झुडूप होऊन बसतं.

आमच्याकडं ते मला पहिल्यांदा २००९ च्या पावसाळ्यानंतर दिसलं. मी तेव्हा एका दैनिकाचा तालुका वार्ताहर. पत्रकारितेची पदविका होती, बारावीनंतर विज्ञानाशी संबंध तुटला होता. शेजारच्या गावात एका नानांनी दोन एकर क्लोन लावला होता. नानांचं वय तेव्हा साठीचं. द्राक्षातून दोनदा हात पोळलेले, म्हणून "आता बिनकटकटीचं पीक" म्हणून निलगिरी. मी गेलो तर पूर्ण प्लॉटची पानं गाठींनी भरलेली. एकही झाड सुटलेलं नाही. नाना म्हणाले, "बाबा, तू पेपरवाला, तू सांग काय झालंय."

मला काय माहीत! मी तालुक्यातल्या एका कृषी सेवा केंद्रात गेलो. त्यांनी पान हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "व्हायरस आहे." मी दुसरं कुणालाही न विचारता बातमी पाठवली. 'निलगिरीवर अज्ञात विषाणूचा घाला', दोन कॉलम, फोटोसह. मला त्या फोटोचं कौतुक वाटलं होतं.

बातमी वाचून लोकांनी फवारण्या केल्या. टोमॅटोवर व्हायरस आला की जे मारतात ते सगळं. नानांनी चार फवारण्या घेतल्या, नंतर पाचवी. गाठी तशाच. कशा जातील? अळी बंद खोलीत बसलेली, औषध बाहेरच्या भिंतीवर. रोपवाटिकेत आंतरप्रवाही औषधाचा थोडा उपयोग होतो म्हणतात, पण दोन एकर उभ्या झाडांवर तो खर्च कुणाला परवडणार? पुढच्या उन्हाळ्यात नानांनी प्लॉट जेसीबीने काढला. खर्चाचा आकडा त्यांनी मला कधी सांगितला नाही आणि मी विचारला नाही.

खरं काय ते मला सात-आठ महिन्यांनी कळलं. एका कृषी महाविद्यालयातले कीटकशास्त्राचे सर दुसऱ्याच कामासाठी तालुक्यात आले होते. मी सहज ती वाळलेली फांदी दाखवली. त्यांनी दाढीच्या ब्लेडने एक गाठ उभी चिरली आणि भिंग माझ्या हातात दिलं. आत एक पांढरी, बिनपायाची अळी, इडलीसारखी गुबगुबीत. "हा तुमचा व्हायरस," सर म्हणाले. ते हसले नाहीत, यासाठी मी त्यांचा आजही ऋणी आहे.

मी दुरुस्तीची बातमी पाठवली. उत्तर आलं, "आता कोण वाचतंय ते." विषय संपला.

पण त्याच दिवशी सरांना घेऊन मी आमच्या बांधावर गेलो होतो, आणि तिथं त्यांनी जी गोष्ट दाखवली ती मला व्हायरसपेक्षा जास्त लागली. वडिलांच्या वेळच्या बुंध्यांना फुटवे होते. एका बुंध्याच्या पानांवर गाठीच गाठी. त्याच्या शेजारचा, चार हातावरचा बुंधा, एकदम स्वच्छ. तिसऱ्यावर थोड्या. चौथ्यावर शिरेवर बारीक खपल्या होत्या, पण फुगवटा नाही. सर म्हणाले, "माशी याच्यावरही बसलीय. अंडी घातलीत. पण झाडाने खोली बांधायला नकार दिला."

झाड नकार कसं देतं? जी झाडं तग धरतात त्यांच्यात अंडं पडलं की आजूबाजूच्या पेशी लगेच मरतात. झाड स्वतःच्या अंगाचा तेवढा ठिपका जाळून टाकतं, अळीला खायला जिवंत पेशीच राहत नाही. शिवाय निलगिरीच्या पानात जी तेलं असतात, जिच्यामुळं तो वास येतो, त्यांचं मिश्रण प्रत्येक झाडात वेगळं. दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी बळी पडणारी आणि न पडणारी झाडं शेजारी ठेवून तपासली तेव्हा त्या तेलांमध्ये फरक सापडला, आणि हल्ला झाल्यावर कोणती जनुकं जागी होतात यातही सापडला. म्हणजे प्रतिकार हा झाडाच्या वंशात आहे. खत-पाण्याने तो येत नाही. नानांचं पाणी-खत आमच्या बांधापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

आता दोन्ही शेतं शेजारी ठेवून बघा. आमच्या बांधावर बियाण्याची झाडं, प्रत्येकाचा वंश थोडा वेगळा. माशी आली, काही झाडं हरली, काही टिकली. नानांच्या दोन एकरात झाड एकच. ते एक हरलं की दोन एकर हरले. दुसऱ्या बाजूने हेही खरं, की नानांना प्रतिकार करणारा क्लोन मिळाला असता तर दोन एकर सगळेच टिकले असते. तसे क्लोन तेव्हाही होते. दक्षिणेत याच माशीपुढं काही क्लोन पार बसले आणि काही ताठ उभे राहिले, म्हणून पुढं तेच उचलून लावले गेले. पण नानांना कुणी नंबर सांगितलाच नव्हता. बिलावर फक्त लिहिलं होतं, 'निलगिरी क्लोन रोपे'.

आपण द्राक्षवाले लोक, आपल्याला हे नवीन नाही. आपल्या बागा डॉगरिजवर उभ्या आहेत. डॉगरिज मूळचं अमेरिकेचं. आपण ते क्षारासाठी, कमी पाण्यासाठी वापरतो. पण परक्या खुंटावर द्राक्ष चढवायची ही पद्धत जगात कशामुळं पसरली माहितीय का? गाठी करणाऱ्या एका किड्यामुळं. फायलोक्झेरा. अमेरिकेतल्या रानद्राक्षाच्या पानांवर तो गाठी करायचा, वेल जगायचा, किडाही जगायचा. १८६० च्या दशकात तो फ्रान्समध्ये पोचला आणि तिथल्या द्राक्षांच्या मुळांवर गाठी करून त्याने बागाच्या बागा संपवल्या. युरोपच्या वेलीने तो शत्रू कधी पाहिलाच नव्हता. शेवटी उपाय निघाला तो हाच, मुळं अमेरिकेची आणि वरचा वेल फ्रान्सचा. दीडशे वर्षं झाली, तो खुंट अजून लढतोय.

मग निलगिरीतही प्रतिकार करणारा क्लोन लावला की झालं?

इथं जपानची गोष्ट सांगतो, कारण भावाला फोनवर हीच समजावताना माझी दमछाक झाली.

जपानमध्ये चेस्टनटच्या बागा असतात. आपल्याकडं काजू तसं तिकडं ते. १९४१ मध्ये तिथं चेस्टनटच्या कळ्यांवर गाठी दिसल्या, चीनमधून आलेल्या गांधीलमाशीच्या. कळीचीच गाठ झाली की फूल नाही, फळ नाही. जपानी लोकांनी पद्धतशीर काम केलं. गाठ न धरणारे वाण निवडले, नवीन तयार केले, १९५० च्या दशकापासून जुन्या बागा काढून ते लावले. माशी हटली. सगळे खूश. आणि मग त्याच वाणांवर पुन्हा गाठी दिसायला लागल्या. देशभर सगळ्यांनी तेच ते वाण लावले होते. त्या कुलपाची किल्ली ज्या माशांना जमली, त्यांना सगळी दारं उघडी.

नंतर त्यांनी दुसरा रस्ता धरला. चीनमध्ये ती माशी एवढा त्रास का देत नाही? तिथं तिचा वैरी आहे. आणखी एक बारकी माशी, जी गाठीत अंडं घालायची नळी खुपसून आतल्या अळीवर स्वतःचं अंडं घालते. ती चीनमधून आणून १९८२ मध्ये त्सुकुबा इथं सोडली. काही वर्षांत गाठींचं प्रमाण इतकं खाली आलं की बागाईतदारांना पुन्हा फळं दिसली. इटलीत २००२ मध्ये तीच पीडा आली तेव्हा त्यांनी वाणांच्या मागं फार वेळ न घालवता २००५ मध्ये तोच वैरी सोडला.

आपल्याकडं उसाला ट्रायकोकार्ड लावतात, त्याच जातकुळीतला हा उपाय. निलगिरीसाठीही हेच झालं. क्वीन्सलँडमध्ये त्या माशीला कुणी ओळखत नव्हतं याचं कारण बऱ्याच अंशी हेच होतं, तिचे वैरी तिला डोकं वर काढू देत नव्हते. ती जगभर गेली, वैरी मागं राहिले. इस्राईलच्या शास्त्रज्ञांनी ते ऑस्ट्रेलियात जाऊन शोधले. त्यातला एक, क्वाड्रास्टिकस मेंडेली, भारतातही आणून सोडला गेला. शिवाय मेगास्टिग्मस कुळातल्या माशाही आपल्याकडच्या गाठींतून निघताना सापडल्या. म्हणूनच २००९ ला होता तसा कहर आज दिसत नाही. क्लोन बदलले हे अर्धं कारण, आणि अर्धं काम डोळ्याला न दिसणाऱ्या या मंडळींचं. नानांनी ज्या पाच फवारण्या मारल्या, त्यात अळी मेली नाही. गाठीवर येऊन बसणारा असा एखादा वैरी असला असेल, तर तो मात्र पहिला मेला असेल. त्या फवारण्या माझ्या बातमीमुळं झाल्या.

असो. तर भावाला मी काय सांगितलं?

पहिलं, रोपवाटिकेवाल्याला क्लोनचा नंबर विचार आणि तो बिलावर लिहून घे. "एक नंबर माल" हा नंबर नाही. दुसरं, तो क्लोन आपल्या भागात दोन-तीन वर्षं उभा असलेला प्लॉट दाखव म्हणावं, आणि तू स्वतः जाऊन शेंड्याची पानं बघ. मोठी पानं बघून उपयोग नाही. तिसरं, तीन एकरात एकच क्लोन लावू नको. एकरी वेगळा लाव. तोडीला थोडी गैरसोय होईल, व्यापारी कुरकुर करील. जपानची गोष्ट त्यासाठीच सांगितली. चौथं, गाठी दिसल्याच तर दुकानात पळू नको, मला फोन कर. यावर तो म्हणाला, "तुला?" आणि हसला. बरोबर हसला.

सरकारकडून एक साधी गोष्ट पाहिजे. द्राक्षाच्या रोपाला, डाळिंबाच्या रोपाला आपण जात विचारतो. झाडाच्या रोपाला विचारत नाही, आणि विकणारा सांगत नाही. लाखभर रुपयांची रोपं घेताना बिलावर क्लोनचं नाव आलं तर शेतकऱ्याला निदान तक्रार करायला जागा राहते. आता ज्या ज्या झाडांच्या 'दहा वर्षांत कोट्यधीश' अशा जाहिराती फिरताहेत, त्या सगळ्यांना हेच लागू आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांना मी यावर लेखी प्रश्न दिलाय. उत्तर आलं की इथंच टाकतो.

भावाने सोमवारी नंबर विचारला. पलीकडून उत्तर आलं, "तुम्हाला झाड पाहिजे का नंबर?" त्याने ऑर्डर थांबवलीय. शेजारच्या तालुक्यात दोन वर्षांचा एक प्लॉट आहे असं कळलंय, बुधवारी दोघं जाऊन येतो.

आणि काल संध्याकाळी मी बांधावर गेलो होतो. वडिलांच्या वेळचे चार बुंधे तसेच आहेत. गाठीवाला बुंधा अजून गाठी धरतो, पण पूर्वीसारख्या दाट नाहीत. शेजारचा स्वच्छ तो आजही स्वच्छ. गाठीवाल्याची एक फांदी तोडून आणली, लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली, तोंडाला आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला. आज सकाळी बघितलं तर काचेवर आतून सात-आठ काळपट ठिपके चालत होते. आपली गांधीलमाशी आहे का तिचा वैरी, मला नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही. या वेळी अंदाज लिहिणार नाही. सर आता निवृत्त झालेत, पण फोन उचलतात. बरणी घेऊन शनिवारी त्यांच्याकडं जाणार आहे.